एमएसडब्ल्यू करायचंय? कॉलेज निवडण्यापासून ब्लॉक प्लेसमेंटपर्यंत

निकाल लागले की एमएसडब्ल्यूबद्दल, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीबद्दल, प्रश्न सुरू होतात. "बीए झालंय, एमएसडब्ल्यू करू का?" "बीकॉमवाल्याला चालतं का?" "पुढे नोकरी लागते का?" मी पुण्यात एका स्वयंसेवी संस्थेत काम करते आणि वेगवेगळ्या कॉलेजांतून क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे फील्डवर्कसाठी, येणाऱ्या मुलामुलींचं संस्थेच्या बाजूने सुपरव्हिजन करते. त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या अभ्यासक्रमात सर्वात महत्त्वाचा विषय म्हणजे क्षेत्रकार्य. कॉलेज निवडताना, वेळापत्रक लावताना, पुस्तकं वाचताना, स्पेशलायझेशन ठरवताना, प्रत्येक वेळी त्याच्याकडे बघून निर्णय घ्या. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्याचे, आणि वर्गातलं सगळं त्या दोन दिवसांसाठी असतं. वर्ग मन लावून करणारी आणि फील्डवर्क उरकून टाकणारी मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात, पण पहिल्याच नोकरीत अडखळतात.

पात्रता आणि पदवीचा घाट

एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं, चार सत्रांचं. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. बीकॉम, बीएस्सी, अगदी इंजिनिअरसुद्धा. किमान टक्क्यांची अट विद्यापीठागणिक बदलते, राखीव प्रवर्गांना सवलत असते. बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, बारावीनंतर कोणत्याही शाखेतून जाता येतं. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचा पदव्युत्तर मार्ग ठेवला आहे. तो तुमच्या कॉलेजात प्रत्यक्ष सुरू आहे का, हे ऑफिसात विचारूनच धरून चाला. बीएसडब्ल्यू झालेल्यांना पहिल्या सत्रात बऱ्याच गोष्टी परिचयाच्या वाटतात आणि त्यामुळे ती ढिली पडतात. त्यांनी उलट पहिल्याच वर्षी अवघड एजन्सी, म्हणजे क्षेत्रकार्याची संस्था, मागून घ्यावी.

आपल्याकडे मोठ्या सरकारी विद्यापीठांची रचना अशी की अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, पण शिकवणं बहुतेक ठिकाणी संलग्न कॉलेजात. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था 1963 ची, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली. मुंबईचं निर्मला निकेतन 1955 चं, मुंबई विद्यापीठाशी. नागपुरात मातृ सेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय 1958 पासून नागपूर विद्यापीठाखाली. एसएनडीटीसारख्या विद्यापीठात मात्र स्वतःचा विभाग आहे. टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, 1936 साली मुंबईत सुरू झाली. देशातलं व्यावसायिक समाजकार्याचं शिक्षण तिथून सुरू झालं. 1964 पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. तुळजापूरला तिचा परिसर आहे आणि ग्रामीण कामाची ओढ असणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा. टिससाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिची नोंदणी पदवीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी संपते, म्हणून शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपासूनच लक्ष ठेवा. इतर कॉलेजांपैकी काही स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत घेतात, काही पदवीच्या गुणांवर यादी लावतात.

विद्यापीठाचं नाव गुणपत्रिकेवर राहतं. पण तुम्हाला येरवड्याच्या मनोरुग्णालयात पाठवायचं की एखाद्या बंद पडत आलेल्या बालवाडीत, हे कॉलेज ठरवतं. त्यामुळे विद्यापीठाच्या नावापेक्षा कॉलेजची चौकशी जास्त करा.

कॉलेजात जाऊन काय विचारायचं

माहितीपुस्तकात इमारतीचे फोटो असतात. तुम्ही प्रवेश घेण्याआधी एकदा प्रत्यक्ष जा आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठा. विचारायच्या गोष्टी नेमक्या आहेत. क्षेत्रकार्याचे दिवस कोणते आणि त्या दिवशी तासिका खरंच नसतात ना? गेल्या वर्षी कोणकोणत्या एजन्सी होत्या? एका प्राध्यापकाकडे सुपरव्हिजनला किती मुलं असतात? वैयक्तिक बैठक, जिला सगळे आयसी म्हणतात, ती दर आठवड्याला होते की सत्र संपताना सह्यांपुरती? रिपोर्ट कोण वाचतं, आणि त्यावर काही लिहून परत देतात का?

शेवटचा प्रश्न सर्वात मोलाचा. एखाद्या सीनियरला त्याची जुनी रेकॉर्डिंगची, म्हणजे क्षेत्रकार्याच्या लेखी रिपोर्टांची, फाइल दाखवायला सांगा. समासात सुपरव्हायझरने लिहिलेले प्रश्न दिसले तर ते कॉलेज चांगलं. नुसती लाल शाईतली सही आणि तारीख दिसली तर दुसरीकडेही चौकशी करा.

आणखी एक. पदं भरलेली आहेत का, हे बघा. अनेक अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर सगळा भार आहे. ते शिक्षक मनापासून शिकवतात, पण वस्तीत तुमच्यासोबत यायला त्यांच्याकडे ना वेळ असतो ना त्याचे पैसे मिळतात.

कागद आणि पैसे

यावर थोडक्यात सांगते, कारण याची माहिती सगळीकडे मिळते. टीसी, सगळ्या गुणपत्रिका, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली नाही ना, हे आधीच बघा. सेतू केंद्रात जुलैमध्ये रांगा लागतात, मेमध्ये जा.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकारच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, त्यावर असाल तर फ्रीशिपचा, म्हणजे शुल्कमाफीचा, अर्ज असतो. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांची मर्यादा. तुमचा अभ्यासक्रम आणि कॉलेज कोणत्या योजनेत बसतं, ते पोर्टलवर निवडतानाच कळतं. सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. बँक खातं आधारशी जोडलेलं असू द्या, नाहीतर मंजूर झालेला हप्तासुद्धा अडकतो.

खर्चाचा अंदाज बांधताना फीसोबत फील्डवर्कचा प्रवास, शिबिराची वर्गणी, अभ्यास दौरा आणि ब्लॉक प्लेसमेंटचा, म्हणजे शेवटी एखाद्या संस्थेत सलग काम करण्याचा, महिनाभराचा राहण्याजेवणाचा खर्च धरा. हे आकडे फीच्या पावतीवर नसतात आणि गरीब घरच्या मुलांची ओढाताण नेमकी इथेच होते. बसचा पास काढून घ्या. अर्धवेळ नोकरी करणार असाल तर संध्याकाळची किंवा रविवारची बघा. फील्डवर्कचे दोन दिवस कुणाला देऊ नका.

पहिला महिना

सुरुवातीला ओळखभेटी होतात. शासकीय निरीक्षणगृह, वृद्धाश्रम, सरकारी रुग्णालय, व्यसनमुक्ती केंद्र, एखादी कामगार संघटना. पुण्यात असाल तर 1986 साली सुरू झालेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र बघायला मिळू शकतं. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतही नीट समजून घ्या. 1993 साली उभ्या राहिलेल्या या संघटनेची मुळं एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामात आहेत. विद्यापीठातली माणसं कचरावेचक बायकांमध्ये शिकवायला गेली, बायकांनी त्यांना स्वतःच्या कामाचे प्रश्न सांगितले, त्यातून संघटना झाली. मुलांची हेल्पलाइन 1098 हीसुद्धा 1996 मध्ये टिसचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून मुंबईत सुरू झाली. पोलिसांच्या आवारात चालणारा महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष 1984 मध्ये तसाच उभा राहिला. विद्यार्थी म्हणून तुम्ही ज्या एजन्सीत जाल, तिच्यात तुमच्यासारख्याच कुणाचा तरी घाम असण्याची शक्यता बरीच आहे.

या भेटींत एकच गोष्ट लक्षपूर्वक बघा. इथे आलेला माणूस आत येण्याआधी कुठे कुठे जाऊन आला? रुग्णालयाच्या समाजसेवा विभागासमोर बसलेल्या बाईला हे विचारलंत, तर तहसील कार्यालय, रेशन दुकान, नगरसेवकाचं ऑफिस असा सगळा नकाशा ती तुम्हाला सांगेल.

एजन्सीतले पहिले दिवस

एजन्सी मिळाली की कॉलेजचं पत्र घेऊन जा, वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा आणि पहिले चार-पाच दिवस काम मागू नका. संस्थेची वार्षिक अहवाल-पुस्तिका वाचा, पैसा कुठून येतो ते विचारा, फील्डवर जाणाऱ्या ताईच्या मागे फिरा. त्या ताईंना बहुधा एमएसडब्ल्यूची पदवी नसते. पण वस्तीत कोणत्या गल्लीत कोणत्या वेळी जायचं, कुणाच्या घरात बसायचं आणि कुणाच्या ओट्यावरूनच परत यायचं, हे त्यांना ठाऊक असतं. तुमचा पहिला गुरू त्यांना माना.

कपडे साधे, वापरायला सुटसुटीत, चपला चिखलात चालणाऱ्या. गळ्यात ओळखपत्र. खिशात लहान वही. पण घरात बसून समोरच्याचं बोलणं चालू असताना लिहीत बसू नका, बाहेर आल्यावर रस्त्यातच चार शब्द टिपून ठेवा. फोटो काढू नका. मुलांचे तर नाहीच. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. वस्तीत मुलांसोबत काढलेली सेल्फी स्टेटसला टाकणाऱ्या विद्यार्थ्याला मी त्याच दिवशी बसवून हे कलम वाचायला देते.

पैसे देऊ नका. ही गोष्ट सगळ्यांना जड जाते. समोर उपाशी मूल दिसतं आणि आपल्या खिशात शंभर रुपये असतात. त्या क्षणी एजन्सीच्या ताईंना फोन करा, अंगणवाडीत न्या, जवळच्या मंडळाचं अन्नछत्र शोधा. काहीतरी करा, पण आपण पैसे देणारे झालो की पुढच्या भेटीत त्या घरातलं बोलणं बदलतं आणि शेजारच्या चार घरांशी असलेलं नातंही.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत वस्तीतून निघा. कुठे जाताय ते एजन्सीत आणि एका मैत्रिणीला सांगून ठेवा. घरात दारू प्यायलेला माणूस असेल तर भेट पुढे ढकला. मुलींनी अडचणीच्या नजरा, शेरे, पाठलाग यांबद्दल गप्प राहू नये. सुपरव्हायझरला सांगितलं की एजन्सी काढून घेतील, या भीतीने कित्येक जणी सहन करतात. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे आणि क्षेत्रकार्याची जागाही तिच्या कक्षेत येते.

रेकॉर्डिंग: इथे थांबून वाचा

क्षेत्रकार्याचे रिपोर्ट बहुतेकांना कंटाळवाणे वाटतात, कारण त्यांनी सीनियरच्या फाइलमधली भाषा उचललेली असते. एक उदाहरण घेऊ. तपशील मी रचला आहे, पण अशी घरं तुम्हाला कोणत्याही डोंगरउतारावरच्या वस्तीत सापडतील. सातवीतली एक मुलगी शाळेत येत नाही, म्हणून शाळेने क्षेत्रकार्याला आलेल्या विद्यार्थिनीला तिच्या घरी पाठवलं. ती लिहिते:

"आज गृहभेट दिली. मुलगी शाळेत अनियमित आहे. पालक अशिक्षित असून मुलीच्या शिक्षणाबाबत उदासीन आहेत. त्यांना शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले. पालकांनी चांगला प्रतिसाद दिला."

या पाच वाक्यांत एकही गोष्ट बघितलेली नाही. आता तीच भेट अशी:

"दुपारी साडेअकरा. दारात आजी तांदूळ निवडत होत्या. आई सकाळी सातला धुण्याभांड्याला जाते, दोनला येते. वडील मार्केट यार्डात हमाल. गल्लीतल्या नळाला एक दिवसाआड अकरा ते साडेबारा पाणी. आज पाण्याचा दिवस होता. मुलगी रांगेत होती, हंडा आणि दोन कळश्या घेऊन. शाळा बाराला भरते. आजी म्हणाल्या, 'पाणी भरल्याबिगर ती जाईल कशी? मला हंडा उचलत न्हाई.' मी शाळेत परत येऊन हजेरीपट पाहिला. एका आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार गैरहजर. पुढच्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार, शनिवार."

बघा, एवढं लिहिल्यावर उदासीन पालक गायब झाले. गैरहजेरी पाण्याच्या पाळीप्रमाणे पडते आहे, हे हजेरीपटच सांगतो. आणि पाठ्यपुस्तकातल्या पद्धती आता कामाला येतात. मुलीशी आणि आईशी बोलून, वर्गशिक्षिकेला गाठून त्या दिवशी अर्धा तास उशिरा येण्याची मुभा मिळवणं हे व्यक्तिसहाय्य कार्य. त्याच गल्लीतल्या अशा मुलींना एकत्र आणून त्यांच्या बुडालेल्या धड्यांचा संध्याकाळचा गट चालवणं हे गटकार्य. बायकांची बैठक घेऊन पाण्याची वेळ सकाळी करून मागण्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात जाणं हे समुदाय संघटन. वस्तीतल्या किती मुलींची शाळा पाण्यामुळे बुडते, हे मोजलं की समाजकार्य संशोधन. ती आकडेवारी घेऊन पाणी सोडण्याच्या धोरणाविरुद्ध उभं राहिलात तर सामाजिक कृती. परीक्षेत पाच गुणांना विचारली जाणारी व्याख्या या एका नळाभोवती फिरते.

म्हणून रिपोर्ट लिहिताना वेळ लिहा, जागा लिहा, माणसाचे शब्द त्याच्या बोलीत लिहा. तुमचं मत वेगळ्या परिच्छेदात, "मला वाटतं" असं म्हणून. तुमच्या मनात काय आलं तेही लिहा: राग आला, किळस आली, रडू आलं. सुपरव्हायझरला त्यातूनच तुमच्याशी बोलायला धागा मिळतो. रिपोर्ट त्याच रात्री लिहा. दोन दिवसांनी लिहिलात तर आजींचं वाक्य विसरतं आणि "पालक उदासीन" परत येतं. नावं बदला, पत्ता गाळा. मराठीत लिहायला परवानगी असेल तर मराठीतच लिहा. बऱ्याच विद्यापीठांत उत्तरपत्रिकाही मराठीत लिहिता येते. फक्त पारिभाषिक शब्द इंग्रजीतही पाठ असू द्या, कारण प्राध्यापकपदासाठीच्या नेटच्या परीक्षेत आणि मोठ्या संस्थांच्या मुलाखतीत ते लागतात.

आयसी, जीसी आणि गुपितं

आयसीला जाताना "मॅडम, रिपोर्ट बघा" म्हणून फाइल पुढे करू नका. एक प्रश्न घेऊन जा. "त्या घरात गेले की आजीच बोलतात, मुलगी गप्प असते. तिच्याशी एकटीशी कसं बोलू?" असा प्रश्न नेलात की सुपरव्हायझरला तुमच्यासोबत विचार करावा लागतो. जीसीत, म्हणजे गट बैठकीत, दुसऱ्याच्या एजन्सीचं ऐका. कारागृहातल्या विद्यार्थ्याचा आणि बालगृहातल्या विद्यार्थिनीचा अनुभव एकत्र ऐकला की एकाच कुटुंबाची दोन टोकं हाती लागतात.

एक परिस्थिती जवळजवळ प्रत्येकावर येते. मूल तुम्हाला काहीतरी सांगतं आणि म्हणतं, "ताई, कुणाला सांगू नका हं." गोपनीयता हे समाजकार्याचं मूलतत्त्व आहे, समाजकार्याचे अमेरिकन अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी मांडलेल्या सात तत्त्वांपैकी ते एक. पण सांगितलेली गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, विद्यार्थ्यावरसुद्धा, आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. म्हणून मुलाला आधीच वचन देऊ नका. "तुझ्या सुरक्षिततेची गोष्ट असेल तर मला मदत घ्यावी लागेल, पण तुला विचारल्याशिवाय, तुला न सांगता मी काही करणार नाही," असं पहिल्या भेटीतच सांगा. असं काही कळलं तर त्याच दिवशी, रात्री का असेना, कॉलेजच्या आणि एजन्सीच्या, दोन्ही सुपरव्हायझरना फोन करा. एकट्याने पोलीस स्टेशनला धावू नका आणि एकट्याने दाबूनही ठेवू नका.

वाचन आणि परीक्षा

सिद्धान्ताची पुस्तकं इंग्रजीत जास्त, मराठीत थोडी आणि त्यातली काही फार जुनी. अमेरिकन समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड यांनी 1917 साली सामाजिक निदानावर लिहिलं तेव्हा समोर अमेरिकेतली शहरं होती, हे लक्षात ठेवून वाचा. आपल्याकडे जात, जमीन आणि स्थलांतर यांना धरल्याशिवाय कोणतीच केस उलगडत नाही. फुले, आंबेडकर, कर्वे, गाडगेबाबा परीक्षेत टिपांपुरते येतात. ते त्याहून खोलात वाचा.

कायदे स्वतंत्र पाठ करायला जाल तर विसराल. एजन्सीप्रमाणे वाचा. बालगृहात असाल तर बाल न्याय अधिनियम, बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 आणि पोक्सो. महिला समुपदेशन केंद्रात असाल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005, त्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याच्या भूमिकेसह. आदिवासी भागात तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 आणि वनहक्क कायदा 2006. अपंगांच्या संस्थेत 2016 चा कायदा, ज्यात 21 प्रकारचं अपंगत्व मान्य केलं आहे. मूळ कायदा वाचा, सगळे सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात. गाइडमधलं सारांशाचं पान वस्तीत उपयोगाला येत नाही.

ग्रामीण शिबिर

सात ते दहा दिवसांचं शिबिर बहुतेकांच्या आठवणीत गाणी आणि शेकोटी म्हणून राहतं. त्यातही मजा आहे. पण काम नीट करायचं असेल तर एक सूचना पाळा: गावाचा नकाशा दोनदा काढा. पहिला देवळापुढे, सरपंच आणि ज्येष्ठ मंडळींसोबत, रांगोळीने जमिनीवर. दुसरा गावकुसाबाहेरच्या वस्तीत, बायकांसोबत. दोन्ही कागदावर उतरवून शेजारी ठेवा. पहिल्यात सभागृह, शाळा, तालीम दिसेल. दुसऱ्यात हातपंप कुठे बंद आहे, स्मशानाची वाट कुणाच्या शेतातून जाते आणि ती कधी अडवली जाते, ते दिसेल. शिवारफेरीला कोरडवाहू टोकापर्यंत चाला. हंगामाप्रमाणे काम आणि उपासमार कधी असते, याची दिनदर्शिका भूमिहीन मजुरांसोबत करा. मराठवाड्यात किंवा बीड-अहिल्यानगर पट्ट्यात दिवाळीनंतर गेलात तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या बंद घरांची संख्या आणि आजी-आजोबांपाशी राहिलेली मुलं जरूर नोंदवा. निघताना जमवलेली माहिती ग्रामसभेपुढे किंवा निदान चावडीवर वाचून दाखवा. गावाने दिलेलं गावाला परत गेलं पाहिजे.

स्पेशलायझेशन

दुसऱ्या वर्षी बहुधा निवडायचं असतं: समुदाय विकास, कुटुंब व बालकल्याण, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य, किंवा मनुष्यबळ व्यवस्थापन. पहिल्या वर्षाच्या फील्डवर्कमध्ये कुठल्या दिवशी घरी जावंसं वाटत नव्हतं, तो दिवस आठवा आणि त्याप्रमाणे ठरवा.

दोन खुलासे मात्र महत्त्वाचे. मनोविकार समाजकार्य घेऊन एमएसडब्ल्यू केलं म्हणून कायद्याच्या अर्थाने तुम्ही मनोविकार समाजकार्यकर्ता होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये त्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर त्या विषयातल्या एमफिल पातळीच्या पूर्णवेळ प्रशिक्षणाची अट आहे. प्रवेशाच्या वेळी हे कुणी सांगत नाही. दुसरं, वैद्यकीय समाजकार्यात समुपदेशनाइतकंच कागदांचं काम असतं आणि त्या कागदांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41 कक नुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी बिलाच्या रकमेतून 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात. हे ज्याला माहीत आहे तो समाजकार्यकर्ता रिसेप्शनवर "खाट शिल्लक नाही" ऐकून परत फिरत नाही. तो किती खाटा भरल्या आहेत ते विचारतो आणि गरज पडली तर धर्मादाय आयुक्तालयाकडे जातो.

मनुष्यबळ निवडणाऱ्यांनी चार नव्या कामगार संहिता मुळातून वाचाव्यात. ग्रंथालयातली जुनी पुस्तकं त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नका.

शोधनिबंध, ब्लॉक प्लेसमेंट, नोकरी

शोधनिबंधाचा विषय लहान घ्या. "महाराष्ट्रातील महिला सक्षमीकरण" नको. एका वस्तीतल्या तीस घरकामगार बायकांच्या सुट्टीबद्दल लिहा. मुलाखतीची प्रश्नावली मराठीत करा आणि दोघींवर आधी चाचपून बघा. दुसऱ्याचा प्रबंध नावं बदलून देण्याची वाट सोपी दिसते, पण विद्यापीठं आता साहित्यचौर्याची तपासणी करतात. तीस बायकांनी ज्या दुपारी तुमच्यासाठी काम बाजूला ठेवलं, त्या दुपारीही त्यात वाया जातात.

ब्लॉक प्लेसमेंट शेवटच्या सत्रानंतर साधारण महिनाभर. ती नोकरीची पहिली पायरी आहे, म्हणून घराजवळची सोयीची संस्था टाळा. जिथे काम करायचं आहे तिथेच मागा, आणि कॉलेजने जोडून द्यायची वाट न बघता जानेवारीतच स्वतः ईमेल पाठवा. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात गेलेल्या मुलांना बहुधा तिथेच कामाची विचारणा होते, कारण तिथे माणसं कमी पडतात.

नोकऱ्या कुठे आहेत? स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचे, विभाग, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक, एचआयव्ही समुपदेशन केंद्रं, ग्रामीण बचतगटांचं उमेद अभियान, कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक, परिवीक्षा अधिकारी, एमपीएससीमार्फत समाजकल्याण विभागातली पदं. शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट. सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं आणि समाजकार्य हा त्यात स्वतंत्र विषय आहे. जिल्हा कक्ष आणि अभियानांतली बरीच पदं कंत्राटी असतात. मुदत, प्रवासभत्ता, मातृत्व रजा आणि मानधन कोणत्या तारखेला होतं, हे नेमणुकीच्या पत्रात लिहून मागा. सेवाभावाच्या नावाखाली पत्र न देता राबवून घेणाऱ्या जागाही आहेत. कामगारांच्या हक्कांवर दोन वर्षं शिकलेल्या माणसाने स्वतःचा हक्क मागायला संकोच करू नये.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये, नाव-पत्ता पूर्ण झाकलेले, तुमचे दोन चांगले रिपोर्ट सोबत ठेवा. एक पहिल्या वर्षाचा, एक शेवटच्या सत्राचा. माझ्यासमोर उमेदवार बसला की मी आधी ते मागते, आणि समोरच्या माणसाचं बोलणं त्यात किती आहे ते बघून मग पुढचे प्रश्न विचारते.